माळ्यावरची झोप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माझ्या आईजवळ नाही. देवाजवळ तर मुद्दामच नाही. हात जोडले की मी पोरीच्या परीक्षेचं बोलते, पावसापाण्याचं बोलते आणि पटकन उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. एवढी धीराची मी नाही.

तशी मी बोलायला कुणाला ऐकायची नाही हं. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते. पाड्यातल्या बाया म्हणतात, सुनंदाबाईची जीभ म्हणजे कोयता. खरंच आहे ते. पोराला धुरात निजवलंस तर याद राख, म्हाताऱ्याची गोळी चुकवलीस तर घरी येऊन बघेन — असं दिवसभर सगळ्यांना दटावत फिरत असते. लोकांना शिकवायला काय जातं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि माझ्या घरात काय चाललं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? बाईच सगळ्यांना विचारते, बाईला कोण विचारतो?

गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. लखमा त्यांचं नाव. मी त्यांना बाबा म्हणायची.

बाबा तरुणपणी दगडाच्या खाणीवर जायचे. आमच्याकडे दिवाळीनंतर शेतातलं काम संपतं, मग माणसं खाली उतरतात, कुणी वीटभट्टीवर, कुणी वाळूवर, कुणी बांधकामावर, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. बाबा कित्येक वर्षं दगड फोडायच्या मशीनवर गेले. संध्याकाळी पिठाच्या गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन यायचो, असं ते हसत सांगायचे. ती पांढरी भुकटी अंगावरची धुतली गेली, आतली राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना नुसता खोकला होता. पुढं पुढं चढ चढताना थांबायला लागले. मग सपाटीला थांबायला लागले. शेवटी जेवताना दोन घास खाल्ले की थांबायचे, हसायचे आणि म्हणायचे, "दम खातो जरा. भाकरीपेक्षा दमच जास्त खातो मी."

असे होते ते. स्वतःच्या दुखण्याची स्वतःच मस्करी करायचे. त्यामुळं मला सोपं गेलं. थांबा, हे आत्ताच सांगून चालणार नाही. नीट सांगते.

जव्हारला एका दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आणि मला एकटीला बाजूला बसवून समजावलं. मी अंगणवाडीवाली म्हणून जरा जास्तच समजावलं. म्हणाल्या, या आजारात दिवसापेक्षा रात्र अवघड असते. जागेपणी माणूस जोर लावून श्वास ओढतो, मानेचे, खांद्याचे स्नायूसुद्धा कामाला लावतो. झोप लागली की ते सैल पडतात. श्वास हलका होतो, उथळ होतो. चांगल्या माणसाचाही होतो, पण त्याच्याजवळ शिल्लक असते. यांच्याजवळ शिल्लकच नाही. त्यामुळं झोपेत अंगातला ऑक्सिजन खाली जातो, आतली खराब हवा बाहेर पडत नाही, आणि सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत राहतो. "झोपताना पाठीला उंच टेकण द्या," त्या म्हणाल्या, "आणि रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायचंच."

मशीन आम्हाला वापरायला मिळालं. पाण्याच्या पिंपाएवढं, चाकांचं. विजेवर चालणारं. त्याला नळी, ती नाकाला लावायची. किती ठेवायचं ते त्यांनी काट्यावर खूण करून दिलं आणि म्हणाल्या, खुणेच्या वर न्यायचं नाही, जास्त ऑक्सिजनही वाईट. मी सगळं लक्षात ठेवलं. तेवढी हुशार मी आहेच.

पहिले काही दिवस मी ते इमानदारीनं केलं. भाताच्या पोत्याला टेकवून बाबांना बसतं निजवायची, नळी लावायची, बटण दाबायची. आणि तुम्हाला खरं सांगते, फरक पडला. सकाळी बाबा ताजे असायचे. डोकं दुखतं म्हणायचे नाहीत. अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचे. माझ्या हातची नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील वाटीभर जास्त प्यायचे. म्हणजे मला माहीत होतं. मशीननं बरं वाटतं हे मला पक्कं माहीत होतं. मी अडाणी होते, मला कळलं नाही, असं तुम्ही माझ्यासाठी म्हणू नका.

मग काय झालं?

झालं काहीच नाही. मला झोप येईना.

हसू नका. एवढंच कारण आहे. मशीन रात्रभर गुरगुरायचं. वीज गेली की किंचाळायचं, आणि आमच्याकडे वीज जायला काय निमित्त लागतं? आमचं घर म्हणजे कुडाच्या भिंतीचं, मधे एक अर्धी भिंत. अलीकडे मी, पलीकडे बाबा. मशीन चालू असलं तरी खोकला असायचाच. आणि खोकल्यापेक्षा वाईट म्हणजे खोकला नसायचा ते. बाबांना झोप लागली की त्यांचा श्वास बारीक होत जायचा, बारीक होत जायचा, मग काहीच ऐकू यायचं नाही. मी आपली अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली. आला का? आला का पुढचा? मग एकदम घशातून खर्रकन आवाज यायचा आणि परत सुरू. मीसुद्धा तोवर श्वास धरून असायची. सकाळी अंगणवाडीत पोरं मांडीवर चढायची आणि मला त्यांचा राग यायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई दमलेली होती, लहान मूल असेल, घरात दहा माणसांचं करत असेल. नाही हो. पोरगी आश्रमशाळेत राहायला होती. नवरा भिवंडीला टेम्पो चालवायचा, सणाला यायचा. घरात आम्ही दोघंच. दुपारी अंगणवाडी सुटली की झोपायला मला कुणी अडवलं नव्हतं. कितीतरी बाया याहून जास्त करतात आणि हूं की चूं करत नाहीत. मला फक्त माझी रात्रीची झोप पाहिजे होती. सबंध. मधे कुणाचा श्वास नसलेली.

भाद्रपदात नागली कणसाला आली. वर डोंगराच्या उतारावर आमचा तुकडा आहे, घरापासून हाकेच्या थोडा पलीकडे. नागली भरली की रात्री रानडुकरं येतात, एका रात्रीत लोळून सपाट करतात. म्हणून शेतात माळा बांधतात. तुमच्याकडे माळा म्हणजे घरातला, सामान ठेवायचा. आमच्याकडे माळा म्हणजे शेतात चार खांब रोवून वर बांधलेली बसायची जागा, डोक्यावर पेंढ्याचं छप्पर, बाकी चारी बाजू उघड्या. घरातलं कुणीतरी रात्री तिथं झोपतं, डबा वाजवतं, हाकाट्या घालतं. त्याला राखण म्हणतात. त्या वर्षी राखणीला कुणी नव्हतं. मी शेजारच्याला सांगणार होते.

तर एका संध्याकाळी बाबांना खोकल्याची उबळ आली, केवढी तरी वेळ थांबेना. थांबली तेव्हा डोळे पुसत मला म्हणाले, "पोरी, मलाच नेऊन टाक माळ्यावर. डबा नको न काय नको. माझ्या खोकल्यानंच डुकरं पळतील."

मस्करी होती ती. त्यांना वाटलं मी हसेन. एरवी मी हसलेच असते. पण त्या दिवशी मी हसले नाही. म्हटलं, "खरंच जाता का बाबा? तेवढीच मोकळी हवा लागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जातो की. त्यात काय."

मोकळी हवा! ही माझी जीभ. धूर नको, मोकळी हवा पाहिजे, असं मीच बायांना सांगत असते, तेच वाक्य मी उचलून इथं लावलं. शेतात वीज कुठं असते? मशीन घरात राहिलं. मी त्याच्यावर जुनं लुगडं टाकलं, धूळ नको म्हणून. काळजी बघा माझी! बाबांना घोंगडी दिली, गोधडी दिली, पाण्याचा तांब्या दिला. रोज दिवेलागणीला ते काठी टेकत, थांबत थांबत चढ चढून जायचे. आणि मी दार लावून झोपायची. काय झोप लागायची सांगू! दगडासारखी. एवढी चांगली झोप मला लग्न झाल्यापासून लागली नव्हती.

पाड्यात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. म्हातारी माणसं राखणीला जातातच. उलट लोक म्हणाले, लखमादादा अजून खमका आहे, शेत सोडत नाही. नवऱ्याचा फोन आला तर मी म्हटलं, बाबांनाच हौस. हौस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलीच ही तऱ्हा.

सकाळी ते खाली यायचे तेव्हा डोकं धरून यायचे. ओठ जांभळे दिसायचे. अंगणात बसल्या बसल्या पेंगायचे, हातातली वाटी कलंडायची. दंव पडायला लागलं तसा खोकलाही घट्ट झाला. डॉक्टरबाईंनी जे जे सांगितलं होतं ते ते माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून येत होतं. मी बघत होते. रात्री मात्र झोपत होते.

मग जव्हारला दाखवायची तारीख आली. जीपनं गेलो. डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावला, त्यांचा चेहरा उतरला. मला विचारलं, "रात्री मशीन लावता ना?"

आता बघा. तेव्हा सांगता आलं असतं. रागावल्या असत्या, चार माणसांत बोलल्या असत्या, बस. पण मी त्या दवाखान्यात बैठकांना जाते. तिथल्या सगळ्या मला ओळखतात. मोखाड्याची सुनंदाबाई, कामाची चोख. मी म्हटलं, "रोज लावते मॅडम. एक दिवस चुकवलेलं नाही."

बाबा शेजारी बसले होते. मला वाटलं, आता बोलतील. डॉक्टरबाईंनी त्यांनाही विचारलं, "काय आजोबा, लावते का सून?"

"लावते तर," बाबा म्हणाले. "पोर लई करते माझं."

डॉक्टरबाई विचारात पडल्या. आणि मग जे झालं ते मी मनातही आणलं नव्हतं. त्या म्हणाल्या, रोज मशीन लावूनसुद्धा सकाळी डोकं दुखतं, गुंगी आहे, म्हणजे या मशीनचाच उलटा परिणाम होत असेल. काही लोकांना झोपेत ऑक्सिजन दिला की त्यांचा श्वास आणखी मंदावतो आणि आतली खराब हवा साठते. नाशिकला नेऊन रक्ताची तपासणी करून घ्या, तोवर रात्री मशीन बंद ठेवा.

त्यांचं काही चुकलं नाही. मी जे सांगितलं त्यावरून शहाण्या माणसानं तेच म्हटलं असतं. माझ्या एका वाक्यावर त्यांनी एवढा विचार केला, एवढा काळजीपूर्वक, आणि ते वाक्यच खोटं होतं. मी तिथल्या तिथं तोंड उघडायला पाहिजे होतं. मॅडम, मशीन लावलेलंच नाही, महिना होत आला. एवढंच. जीभ कोयत्यासारखी ना माझी? कुठं गेली होती?

आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतंय. मला सुटल्यासारखं वाटलं. आता डॉक्टरच बंद ठेवा म्हणतात! आता माळ्यावर झोपले तरी माझा काही दोष नाही. परतीच्या जीपमध्ये वळणावळणावर बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर येत होतं, ते पेंगत होते, आणि मी मनाशी हेच घोळवत होते. ते काही बोलतील याची भीतीही होती. फाट्यावर उतरलो. बाबांनी काठी शोधली. मग म्हणाले, "चल पोरी, सकाळपासून तू जेवली नाहीस."

ते का खोटं बोलले माझ्यासाठी? चार लोकांत सुनेची अब्रू जाऊ नये म्हणून? की मी चिडले तर आपलं कोण करणार, म्हणून? दुसरं असेल तर ते पहिल्यापेक्षा वाईट आहे. मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

नाशिकला न्यायचं दिवाळीत नवरा आला की, असं ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं. दिवाळी तोंडावर आली होती. नवरा यायच्या आधीच एका सकाळी बाबा खाली आले नाहीत. मी वर गेले. माळ्याच्या खांबाला पाठ टेकवून बसले होते, गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली. झोपेतच गेले.

अख्खा पाडा जमला. नवरा फोन ऐकताच निघून आला, खूप रडला. जो तो म्हणत होता, सोनं झालं म्हाताऱ्याचं, ना खाट धरली ना कुणाला त्रास दिला, आपल्या शेतात झोपेत गेला. दोन बायांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला — सून असावी तर अशी, किती केलंस गं. मी रडत होते. रडणं खोटं नव्हतं. पण मान हलवली नाही, नाही म्हटलं नाही. डॉक्टरबाईंचा फोन आला, त्याही म्हणाल्या, तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही. मी म्हटलं, "हो मॅडम."

मशीन लावलं असतं तर बाबा आज असते का? मला माहीत नाही. फुप्फुसं फार खराब झाली होती, डॉक्टरबाई म्हणायच्या. कदाचित तो हिवाळा निघाला असता, कदाचित नसता. या एका गोष्टीवर मी खूप दिवस टेकून बसले होते. आता नाही बसत. कारण बाबा जगले असते तरी मी जे केलं ते केलेलंच होतं.

इतकं सांगून थांबता आलं असतं. तुम्हालाही वाटलं असेल, संपलं. नाही. मघापासून मी ज्याच्याभोवती फिरते आहे ते अजून सांगितलंच नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. बाबा जेवून नेहमीसारखे उठले नाहीत. पोत्याला टेकून बसून राहिले. दम लागला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "आज हितंच पडू का, पोरी?"

वर बघितलं नाही मी. त्यांच्या घरात, त्यांनी बांधलेल्या घरात, ते मला विचारत होते. आणि माझ्या मनात आलं काय? मशीनची गुरगुर नसली तरी खोकला असेल. मधला तो थांबलेला श्वास असेल. उद्या मला बैठकीला जायचं होतं.

मी म्हटलं, "राखण कोण करणार मग?"

"बरं," ते म्हणाले. घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि गेले.

नागली कापून झाली होती. भारे खाली आणले होते, झोडून कणगीत भरली होती, ते बसले होते त्याच्या शेजारच्याच कणगीत. शेतात राखायला काहीच नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी भाकरी उलटली आणि दार ओढून घेतलं.